सुरयांची मोजणी

सगळा वर्ग तिला आजीबाई म्हणायचा. अभ्यास सहलीला निघताना सुईदोरा आणि जुलाबावरच्या गोळ्या आठवणीने घेणारी विशीतली मुलगी, तिला दुसरं काय म्हणणार! वेळ पाहायचं काम सरांनी डोळे झाकून तिच्यावर सोपवलं. खरं तर ती इथवर आली होती सरांमुळेच. वडील काही केल्या तयार होईनात, तेव्हा सर घरी आले, "मी आहे ना," म्हणाले, आणि वडील विरघळले.

वाळूच्या उघड्या बेटावर सुरय पक्ष्यांची घरटी मोजायची होती. घरटी कसली, वाळूतले नुसते खळगे आणि त्यात दोन-दोन अंडी. मुलांना उतरवताना बेटाच्या रखवालदारकाकांनी बजावलं, "इथं पक्षी ऊब द्यायला नाही, सावली धरायला बसतात. तुम्ही गेलात की ते उडणार, आणि या उन्हात अंडं शिजतं. सात मिनिटं. वर एक नाही. मग लांब पाण्याशी येऊन थांबा." मग उरलेल्या मुलांना आणायला ते होडी घेऊन परत गेले.

सातव्या मिनिटाला दोन गटांचे आकडे जुळेनात. एकाची घरटी एकशे बारा, दुसऱ्याची एकशे सात. सर अकरा वर्षं ही मोजणी करत होते आणि चुकीचा आकडा त्यांना मुळीच खपत नसे.

"पुन्हा मोजा," ते म्हणाले.

"सर, वेळ झाली."

"हो गं, होतच आलंय."

डोक्यावर पक्ष्यांनी नुसता आकांत मांडला होता. चौदाव्या मिनिटाला तिने पुन्हा सांगितलं.

"आजीबाई, जरा दम धरा की!" सर म्हणाले. सगळे हसले. तीही हसली, आणि त्या हसण्याची लाज तिला पुढे कितीतरी दिवस पुरली. आपण ओरडलो तर मुलं थांबतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आपल्यासाठी ज्यांनी वडिलांकडे शब्द टाकला, त्यांच्यावर चारचौघांत ओरडायचं कसं? ती गप्प बसली. शेवटी आकडा जुळला: एकशे दहा. काकांची होडी परतली तोवर सगळे पाण्याशी येऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच बेटावर जाऊन आले. त्यांनी टोपीतून आणलेली चार अंडी किनाऱ्यावरच्या आपल्या ऑफिसात सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली.

"परवा यांच्यातून पिल्लांचा आवाज येत होता," ते म्हणाले. "कडेची एकोणीस घरटी गेली. किती वेळ होतात तुम्ही?"

"सात-आठ मिनिटं," सर म्हणाले.

मुलांनी माना खाली घातल्या.

"एकवीस मिनिटं, काका," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. काकांनीही आवाज चढवला नाही. त्यांनी बेटाची नोंदवही सरांपुढे सरकवली. "मोजणी एकदम बरोबर आली ना? मग आता एक्याण्णव लिहा. आणि कारणही लिहा."

सरांनी एक्याण्णव लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. त्यांनी वही तिच्याकडे दिली. "तू लिही."

तिने लिहिलं, 'आम्ही एकवीस मिनिटं थांबलो. वेळ मी पाहत होते.' आणि वही परत केली. पुढे सर एखादं वाक्य लिहितील, अशी तिला अगदी खात्री होती.

सरांनी ते वाचलं, खाली सही केली आणि वही मिटली.