मीठ विरघळतं म्हणजे काय

मनीषा मॅडम केमिस्ट्री शिकवायला लागल्या की नाशिकच्या आमच्या कॉलेजात पोरं दाराशी उभी राहून ऐकतात. निकालाच्या दिवशी तीच पोरं तोंड लपवून फिरतात. मी त्यांच्याच विभागात शिकवते. पोरांच्या नावानं खडे फोडण्यात आम्ही कुणीच कमी पडलो नाही.

यंदा मॅडम आणि पिंपळगावच्या कॉलेजातले जीवन सर मिळून एक संशोधन करत होते. शिकवण्याआधी विद्यार्थ्याला त्याच्या शब्दांत बोलू द्यायचं आणि आपण मध्ये तोंड घालायचं नाही. हे दुसरं मॅडमना फार जड जात होतं.

त्या दिवशी समोर बसली तेजल. ओझरहून येणारी, दर चाचणीत नापास. केमिस्ट्री सोडून आर्ट्सला जायचं तिनं ठरवलं होतं आणि मॅडमना तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

मीठ पाण्यात टाकलं की काय होतं, असं सरांनी विचारलं. विरघळतं, ती म्हणाली. मॅडमनी खूश होऊन मान हलवली. आमची चौकशी आजवर इथंच संपायची.

"विरघळतं म्हणजे काय होतं?" सरांनी विचारलं.

"त्याचं पाणी होतं. बर्फ विरघळतो ना, तसं."

आमच्या घरीही बर्फ विरघळतो आणि मीठही विरघळतं. पुस्तकात बर्फ वितळतो, पण घरी दोन्हीला शब्द एकच. त्या एका शब्दावर आम्ही आयन, द्रावण, संहती असे मजले चढवत बसलो होतो. पिंपळगावातही अर्धा वर्ग हेच सांगतो, असं सर म्हणाले. मला आमचा सगळ्यांचाच राग आला.

दोघांनी मिळून धडा नव्यानं रचला. प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं, म्हणून सगळे कॅन्टीनमध्ये गेले. एका पातेलीत बर्फाचं पाणी, दुसरीत मिठाचं. तेजलनं दोन्ही गॅसवर आटवली. पहिली कोरडी झाली. दुसरीच्या तळाशी पांढरं उरलं. ते गार झाल्यावर तिनं बोट लावून चाखलं.

"मीठच आहे," ती म्हणाली. "म्हणजे त्याचं पाणी झालंच नव्हतं. ते नुसतं पाण्यात पसरलं होतं. आयन म्हणजे हेच का?"

मॅडमनी हो म्हटलं; पाण्यात सुटे होऊन पसरलेले मिठाचे भारित कण म्हणजेच आयन.

तेजलनं पातेली तिरकी करून तळाचं मीठ पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं, मला डोकंच नाही."

मॅडमचे डोळे भरून आले. आर्ट्सचं नाव तेजलनं पुन्हा काढलं नाही.