शांतारामांचे कान तपासले तेव्हा

मित्रांनो, मी एक श्रवणमापक यंत्र आहे. माणसाला किती ऐकू येतं, ते मी तपासतो. आता माझ्या हेडफोनची गादी फाटली आहे आणि माझा मुक्काम दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेच्या कपाटात आहे. पण एके काळी लक्ष्मीबाई नगरच्या डॉक्टर हेमलता मला मांडीवर घेऊन मानेसरच्या कारखान्यांकडे जात. कारखान्यांतल्या आवाजाने कामगारांचे कान कसे बिघडतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. मी कानात सूर सोडत असे. ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं.

एकदा शांताराम आले. वीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम केलेले. सोबत मुलगी तनया. त्यांनी बटण भराभर दाबलं, अगदी मी गप्प असतानाही!

हेमलताबाईंनी त्यांचा हेडफोन काढला आणि अगदी समोर बसून मोठ्याने विचारलं, "काका, अंदाजाने दाबताय ना?"

शांतारामांनी मान खाली घातली. "मॅडम, कंपनीला कळलं तर घरी बसवतील."

"तुमचं नाव कुणाला कळणार नाही. बिल्कुल नाही."

मग खरी तपासणी झाली. जाड सूर त्यांना ऐकू आले, बारीक सूर एकही नाही. कानाच्या आतल्या नाजूक पेशी आवाजाने एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

घरी काय परिणाम झाला, हेही हेमलताबाईंना संशोधनासाठी विचारायचं होतं. तनया म्हणाली, "बारावीत मार्क कमी पडले, तेव्हापासून बाबा माझं ऐकूनच घेत नाहीत. हाक मारली तरी वळत नाहीत. मग मीही बोलणं सोडलं. तीन वर्षं झाली."

हेमलताबाईंनी माझ्या नोंदीचा कागद तिच्यापुढे ठेवला. "ऐकून घेत नाहीत असं नाही, तनया. समोर ओठ दिसले नाहीत तर त्यांना ऐकूच येत नाही."

"बाबा," तनयाने हाक मारली. शांताराम खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा ती उठून समोर गेली, तिने त्यांचा हात धरला आणि पुन्हा हाक मारली.

ते चाचरत म्हणाले, "मला वाटलं, तूच माझ्याशी अबोला धरलास."

पुढे संशोधन छापून आलं. त्या कारखान्यात आवाज अडवायला कानात घालायची बोंडं वाटली गेली. शांतारामांना मात्र उशीर झाला होता. श्रवणयंत्र मिळालं, पण पूर्वीचं ऐकणं काही परतलं नाही.

मित्रांनो, कानांना जपा. आणि घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर रुसण्याआधी एकदा त्याच्यासमोर जाऊन उभे राहा.