साहेबाने पालथी घातलेली कणगी

येसाजीच्या धाकट्या बहिणीचे, हिरूचे, लग्न झाले ते शके सतराशे एकोणनव्वद साल. लग्नाचे तांदूळ घरातल्या कणगीत मावेनात, म्हणून येसाजीने ठाकूरवाडीच्या जैतूला बोलावले. जैतूने अंगणात बसून बांबूच्या कामट्यांनी मला विणले आणि येसाजीच्या बायकोने, सुंदराबाईने, शेणमातीने आतून-बाहेरून लिंपले. मित्रांनो, तीच मी, दहिवलीची जुनी कणगी. घरचे तांदूळ पोटात सांभाळावेत एवढेच माझे काम. पण एकदा माझ्यामुळे अख्खे गाव धावत सुटले होते. ते आठवले की अजून माझ्या कामट्या करकरतात.

हिरूच्या वऱ्हाडाने मला लवकरच रिकामे केले. मग मी पडवीत जाऊन बसले आणि त्याच पडवीत एक गोरा साहेब भाड्याने राहायला आला. त्याचे नाव विल्यम. बोरघाटात आगगाडीचा रस्ता बांधला तेव्हा तो दगडकामावर मुकादम होता. काम संपले, नोकरी संपली. विलायतेत त्याचे कोणी उरले नव्हते. मुंबईत राहणे त्याच्या तुटपुंज्या पेन्शनीत बसेना. माथेरानला राहून पाहिले, तर हॉटेलवाल्यांनी दिवाळीपर्यंत पुरणारा पैसा दसऱ्यालाच संपवला. तेव्हा तो उल्हास नदीच्या काठाने चालत चालत दहिवलीला आला आणि येसाजीला म्हणाला, "मला छप्पर द्या. भात मी खातो. मासे मी धरतो."

मराठी तो घाटातल्या मजुरांकडून शिकला होता, त्यामुळे त्याला शिव्या आधी आल्या आणि नमस्कार नंतर.

"सायेब, बायामाणसांम्होरं असं बोलू नये," सुंदराबाईने पहिल्याच दिवशी सांगितले.

"मग कसं बोलू?"

"गप बसावं. शिकाल हळूहळू."

साहेब शिकला. सकाळी भाकरी, दुपारी भात आणि सुके बोंबील, पायात गावच्या चांभाराच्या वहाणा. चैन एकच, चहाची. शेजारचा कोंडाजी त्याला चिडवायचा, "घोडा नाय, बग्गी नाय, कसला रं तू सायेब?" साहेब म्हणायचा, "स्वस्तातला." आणि दोघे हसायचे. सुंदराबाईने मला त्याच्या स्वाधीन केले आणि त्याच्या वर्षाचे तांदूळ माझ्यात भरले. इतकी तुडुंब मी लग्नातही भरले नव्हते. येसाजीची गळकी विहीर त्याने दगडाला दगड बसवून बांधून दिली. गावाला तो आपला वाटू लागला आणि त्यालाही गाव आपले वाटू लागले. पण हे कोणी कोणाला बोलून दाखवले नव्हते. पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

मित्रांनो, आमच्याकडची एक रीत सांगते. कणगी कितीही रिकामी झाली तरी तळाशी मूठभर तांदूळ ठेवतात. तळ कधी झाडून घेत नाहीत. आणि कणगी पालथी घालतात ती एकदाच, घर कायमचे सोडताना. ही रीत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, म्हणूनच साहेबाला ती सांगायचे कोणाला सुचले नाही.

चौथ्या वर्षी वैशाखात माझ्यात पोरकिडे झाले. साहेब मोठा टापटिपीचा माणूस. त्याने चांगले तांदूळ गोणीत काढले, माझा तळ झाडून शेवटची मूठ कोंबड्यांपुढे टाकली, मला ओल्या फडक्याने पुसले आणि ऊन लागावे म्हणून अंगणात पालथी घातली. वर शीळ घालत तो नदीवर गळ टाकायला निघून गेला.

मी मनात किती ओरडले असेन. पण कणगीचे कोण ऐकतो?

आधी कोंडाजीने पाहिले. तो बांधावरच थबकला. मग धावत येसाजीकडे गेला. "येसाजी, सायेब चालला रं."

"कुठं?"

"कणगी पालथी हाय त्याची. बघ जा."

तासाभरात सगळीकडे बातमी पसरली. शेजारची सोनाबाई पोह्याचे पापड घेऊन आली. कोणी लोणचे आणले, कोणी कोंबडी. येसाजी रागाने लालबुंद झाला होता. "चार वर्सं एका छपराखाली ऱ्हायला, आन् जाताना तोंडानं सांगवलं नाय," असे म्हणत त्याने स्वतःच गाडीला बैल जुंपले. पाहुण्याला ठेसनापर्यंत पोचवायची रीत तो रागातही विसरला नाही.

साहेब मासे घेऊन परतला तो पाहतो काय, दाराशी गाडी जुंपलेली आणि भोवती अख्खे गाव. तो सगळ्यांची तोंडे पाहू लागला. सोनाबाईने पापडाची पुरचुंडी त्याच्या हातात दिली आणि पदर डोळ्यांना लावला. साहेबाचा चेहरा उतरला. त्याला वाटले, आपले काहीतरी चुकले आणि गाव आपल्याला घालवते आहे. दुसऱ्याच्या घरात मागून राहायचे नाही, असा त्याचा बाणा. त्याने मासे ओट्यावर ठेवले. आत गेला, पेटी भरली, गाडीत ठेवली आणि वर चढून बसला. गाडी हाकायला पुढे बसलेल्या कोंडाजीने बैलांच्या शेपट्यांना हात घातला.

चाके फिरली आणि सुंदराबाई गाडीला आडवी आली. आजवर चारचौघांत ती कधी मोठ्याने बोलली नव्हती.

"सायेब, जायचं तर जा. पन आमचं काय चुकलं ते सांगून जा."

"तुमचं?" साहेब म्हणाला. "माझं काय चुकलं? गाडी तुम्ही आणली."

"तुमी निघालात म्हनून आनली."

"मी कुठे निघालो?"

"मंग कणगी कशापायी पालथी घातली?"

साहेब माझ्याकडे बघत राहिला. "तिच्यात किडे होते," तो म्हणाला. "वाळत घातली."

 मग कोंडाजीला हसू फुटले. तो गाडीवरून खाली उतरून पोट धरून हसला. येसाजीने कपाळावर हात मारला आणि पेटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन पडवीत नेऊन ठेवली. "उतर रं खाली," तो साहेबाला म्हणाला. त्या दिवसापासून त्या दोघांतले अहो-जाहो संपले.

सुंदराबाईने मला उलटून उभी केली. घरातून मूठभर तांदूळ आणून साहेबाच्या हातात दिले आणि म्हणाली, "टाका. आन् ही मूठ पुन्यांदा काढू नका." साहेबाने तांदूळ माझ्यात टाकले आणि एक दाणा बाहेर सांडला तोही वेचून आत टाकला. त्या पापडांची आणि माशांची मग तिथेच पंगत झाली.

पुढे कित्येक वर्षे मी त्याचे तांदूळ सांभाळले. दर वैशाखात तो मला उभीच ठेवून कडुनिंबाच्या पाल्याची धुरी द्यायचा. आता माझ्या कामट्या सैल झाल्या आहेत, लिंपण पोपडे धरते आहे, पत्र्याच्या पिंपांपुढे माझी कोणाला आठवण नाही. तरी एक मागते, मित्रांनो. घरातल्या जुन्या कणगीला वर्षाकाठी शेणमातीचा एक हात फिरवा. आणि तुमच्या गावी परका माणूस राहायला आला, तर रीत त्याला आधी सांगा आणि राग नंतर धरा.

साहेब गेला त्या दिवशी कोणीतरी मला पालथी घालायला पुढे आले होते. सुंदराबाईने त्याचा हात धरला. "उबी ऱ्हाऊ द्या तिला," ती म्हणाली. "तो घर सोडून नाय गेला." माझ्या तळाशी ती मूठ अजून आहे.

विल्यमसाहेब शके अठराशे बाराच्या कार्तिकात, भाताची झोडणी चालू असताना, दहिवलीत येसाजीच्या पडवीत वारले.