आखाजीचा आबा

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. भाऊ बहिणीला सासरहून आणायला जातो, मग माहेरी झोके, आंबे, सांजोऱ्या. त्याच दिवशी मेलेल्यांच्या नावानं नवी घागर भरून ठेवतात.

नरडाण्याजवळच्या आमच्या गावात भागाबाई माझ्या शेजारी राहायची. तिला भाऊ नव्हता, म्हणून तिचा बाप, चुडामण आबा, दर आखाजीला अमळनेरहून स्वतः न्यायला यायचा. मला भाऊ होता, पण सावत्र. लग्नानंतर तो कधी फिरकलाच नाही. भागा परत आली की तिच्या झोक्याच्या गोष्टी मी ऐकायची.

एक्कावन्न साली आबांचा निरोप आला, "औंदा विहिरीचं काम काढलंय. पुढच्या वर्षी नेतो."

"आबा असंच म्हणतात ताई, पण येतात," भागा मला म्हणाली.

आखाजीच्या आदल्या दिवशी ती भर दुपारी चालत स्टेशनवर गेली. अमळनेरची गाडी आली नि गेली. ती पुढच्या गाडीसाठी थांबली. येताना वाटेत निंबाखाली कोसळली. झुलालनं, तिच्या नवऱ्यानं, तिला बैलगाडीत घालून आणलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं. दिवस मावळायच्या आत ती गेली. वीस वर्षांची होती.

आबा तिसऱ्या दिवशी आले. ओट्यावर बसून एकच वाक्य बोलत राहिले, "इहिरले पानी लागनं व माय. त्याच दिन लागनं."

पुढच्या आखाजीला ते पुन्हा आले. मला वाटलं, भागाच्या नावाची घागर भरायला आले असतील. पण ते झुलालच्या घरावरून पुढं आले आणि माझ्या दाराशी थांबले. पाठीवर गाठोडं होतं.

"तुले लेवाले कोन्ही उनं नही ना?"

मला न्यायला कुणी आलं नव्हतं. मी मान हलवली. त्यांनी गाठोडं सोडलं. भिकुबाईंनी, म्हणजे भागाच्या आईनं, केलेल्या सांजोऱ्या, हिरव्या बांगड्या, चार आंबे.

"ले माय. नही म्हनू नको."

मग त्यांनी माझ्या सासूला विचारलं, गावात आणखी कुणाकुणाला न्यायला कुणी आलं नाही? तिघी होत्या. ते तिघींकडे गेले.

त्यानंतर ते दर वर्षी यायचे. पुढं शिंदखेड्यापर्यंतची गावं पायी फिरू लागले. कुणी वेडा म्हणायचं. कुणा सासूनं दार लावलं तर सांजोऱ्या उंबऱ्यावर ठेवून ते पुढं जायचे. पोरी त्यांना आखाजीचा आबा म्हणू लागल्या. लहान लेकरांना तर वाटायचं, हा पूर्वीपासूनचा कुणी देवमाणूस असेल.

छप्पन्न साली मी बाळंतपणाला धुळ्याच्या दवाखान्यात होते. तिथं पिंपळनेरकडच्या सुनंदाबाई नर्स होत्या, ख्रिस्ती. आबांबद्दल ऐकून त्या म्हणाल्या, "नाताळात आमच्याकडंही असा म्हातारा येतो, असं मुलांना सांगतात. तोही आधी खरा माणूस होता, निकोलस नावाचा. गरिबीमुळं लग्न अडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्यानं गुपचूप सोनं टाकलं. पुढं लोकांनी त्याला सणाचा म्हातारा केलं."

पुढच्या आखाजीला मी हे आबांना सांगितलं.

"त्या तीन पोरीसमा त्यानी आंडेर व्हती का एखादी?"

"नाही आबा. त्याची स्वतःची लेक त्यांत नव्हती. परक्याच्या लेकी होत्या."

"मंग तो मोठा मानूस शे," ते म्हणाले. "मी तं मनी आंडेर धुंडस, माय."

त्यांनी गाठोडं उचललं आणि ते आपली लेक शोधत पुढच्या दाराकडं गेले.

एकोणसाठच्या थंडीत आबा गेले. निरोप माझ्यापर्यंत आला, पण गावात मी कुणाला सांगितलं नाही. सांगवलंच नाही. साठच्या आखाजीला बघते तर सहा जणी दुपारपासून दारात उभ्या. त्यांच्यातली बेबाबाई तर त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. तिला आईबाप नव्हते आणि आबांबद्दल तिनं फक्त ऐकलं होतं.

मी घरच्या सांजोऱ्या फडक्यात बांधल्या आणि आधी तिच्याकडे गेले. तिनं दोन्ही हातांनी घेतल्या.

"आबा कधी येतील, अक्का?"

"या वर्षी थकलेत," मी म्हणाले.

ती हसली आणि म्हणाली, मग हळूहळू चालत येतील, मी थोडा वेळ थांबते.