बाग लख्ख हवी

तपासनीस बाईंना त्यांच्या पाठीमागे सगळे 'चाळणी' म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं आणि मनातून ते नाव आवडायचंही. कोकोच्या बागा, बियांची पोती, पोत्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळं त्या गाळून घ्यायच्या आणि मगच त्या मालावर रास्त व्यापाराचा शिक्का बसायचा. माल सांगितलेल्या बागेतलाच आहे, विष फवारलेलं नाही, कुणाला राबवून पिळलेलं नाही, एवढी हमी त्या शिक्क्यात असे. शिक्का असला की जगाच्या दुसऱ्या टोकाचे चॉकलेटवाले माल आदराने घेत. नसला की तोच माल रस्त्याकडेच्या दलालाच्या ट्रकमध्ये जाई.

या खेपेला त्यांना तेवीस बागांच्या एका छोट्या संघाने तातडीने बोलावलं होतं. संघाच्या चिटणिसांना सगळे दादा म्हणत. दादांनी बाईंना वाळवणाच्या शेडमध्ये नेलं, खुर्ची पुसून दिली आणि स्वतः मात्र उभेच राहिले.

"बाई, तेवीसपैकी बावीस बागांचं पीक सहा वर्षं घसरतंय. एकाचंच चढतंय. तुमच्या नियमात एका झाडामागे जास्तीत जास्त आठशे ग्रॅम सुक्या बिया धरल्यात. माझ्या झाडांना चारशे येतात. त्याच्या झाडांना बाराशे."

"बाहेरचा माल आणून मिसळतोय असं वाटतं तुम्हाला?"

"मला तसं वाटायला नकोय हो." दादांनी शेडच्या खांबाला हात टेकला. "पण एकाने मिसळलं तर शिक्का सगळ्यांचा जातो. त्याला आधीच काढला तर बावीस घरं वाचतील. उद्या दुपारपर्यंत तुम्ही काय ते सांगा, म्हणजे मी त्याचं नाव खोडतो."

"कोण आहे हा?"

"माझा धाकटा भाऊ," दादा म्हणाले आणि उगाच पोती मोजायला लागले.

धाकट्या भावाला अख्खा संघ निवांतराव म्हणायचा. वडिलांनी बाग दोघांत सारखी वाटली, मधे एक पाण्याचा पाट. अलीकडे दादा राबून राबून वाळले, पलीकडे निवांतराव झाडाखाली उताणे. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं लोक त्याला ऐकवत. याला तर खाटलंसुद्धा लागत नव्हतं. बाई गेल्या तेव्हाही तो तोंडावर टोपी घेऊन जमिनीवरच पडला होता.

बाईंनी त्याला उठवलं नाही. शंभर झाडांची फळं मोजली. दुपार टळली, मान आखडली, पण आकडा काही हटेना. फळं खरीच होती. खोडाला, फांद्यांना, अगदी गुडघ्याएवढ्या उंचीवरही पिवळी-तांबडी फळं लगडली होती. तीस वर्षांच्या नोकरीत एवढं लगडलेलं कोकोचं झाड बाईंनी पाहिलं नव्हतं. माणूस चोर नाही हे मोजणीतच ठरलं, आणि बाईंना हायसं वाटायच्या ऐवजी चक्क राग आला, कारण त्यांना काही कळत नव्हतं.

"खत कोणतं घालता?" निवांतराव उठून बसल्यावर त्यांनी विचारलं.

"हाच पाला."

"फवारणी?"

"तिचा कंटाळा."

"मग करता तरी काय?"

"खरं सांगू? काही नाही."

बाईंचा पाय घोट्यापर्यंत ओल्या पाचोळ्यात रुतला होता. केळीचे तोडलेले बुंधे तुकडे करून जागोजाग टाकले होते, कुजून काळे पडले होते. "ही बाग आहे की उकिरडा?" त्या म्हणाल्या. "अस्वच्छतेचा शेरा तर मला मारावाच लागणार."

"रोगट फळं काढतो हो मी. लांब नेऊन पुरतो. वास येतो त्यांचा, झोप लागत नाही." निवांतरावाने पाचोळ्यावर हात फिरवला. "पण या पानांनी कुणाचं काय घोडं मारलंय? बाई, शेरा उद्या मारा. उजाडताना या. आणि मळले तरी चालतील असे कपडे घालून या."

बाई आल्या. का आल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नुकतं कुठे दिसायला लागलं होतं. निवांतराव एका जुन्या झाडाखाली पडून होता. त्याने शेजारची जागा थोपटली.

"झोपा इथे. उताण्या."

"मी?"

"मग कोण? उभ्याने दिसत नाही ते."

पन्नाशी उलटलेल्या, तेवीसच काय दोनशे बागांना धाक असलेल्या तपासनीस बाई ओल्या पाल्यात उताण्या झोपल्या. पाठ गार झाली. बियांवरची बुरशी तपासायचं भिंग त्यांनी खिशातून काढलं आणि निवांतरावाने दाखवलेल्या फुलावर धरलं. कोकोचं फूल थेट खोडातून उगवतं, सदऱ्याच्या बटणाहून मोठं नसतं. बाईंनी ते हजारो वेळा ओलांडलं होतं, न्याहाळलं एकदाही नव्हतं. पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीला एक इवली टोपी, आणि परागकण त्या टोपीत दडवलेले. मधमाशी तिथे मावणार नाही, वारा पोचणार नाही.

"असं लपवून का ठेवलंय?" बाई कुजबुजल्या.

"ज्याच्यासाठी ठेवलंय तो येईल. गप्प राहा."

पाल्यातूनच काहीतरी वर उडालं. आधी बाईंना वाटलं डोळ्यापुढे काजवे चमकताहेत. मग भिंगात ते आलं. टाचणीच्या डोक्याएवढी एक माशी, पंख असूनसुद्धा नसल्यासारखे. ती फुलाच्या कडेला उतरली, जांभळ्या तंतूंच्या कुंपणातून वाट काढत आत शिरली, आणि पाठ त्या टोपीला घासत बाहेर आली तेव्हा पाठीवर पांढरे कण होते. मोजता येतील इतके थोडे. मग ती दुसऱ्या फुलात गेली. तिच्यामागे आणखी एक आली, मग आणखी. खोडाभोवती त्या शेकड्यांनी होत्या आणि आवाज म्हणून काही नव्हता.

आयुष्यभर त्यांनी मालाचा माग काढला होता. दुकानातल्या चॉकलेटच्या वडीपासून गोदामापर्यंत, गोदामापासून बंदरापर्यंत, तिथून पोत्यापर्यंत, पोत्यापासून बागेपर्यंत, झाडापर्यंत. त्यांना वाटायचं, झाडापाशी माग संपतो. तो इथे संपत होता, या धुळीच्या कणासारख्या जिवापाशी. हिचं नाव कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं. ती आली नाही तर जहाजं रिकामी जातील, कारखाने बंद पडतील, आणि ती मात्र कुजक्या केळीच्या बुंध्यात जन्मून चार दिवसांत मरून जाईल, कुणाला काही न सांगता. बाईंना रडू आलं. त्यांनी डोळे पुसलेही नाहीत.

"राहतात कुठे या?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही झोपलाय तिथेच. ओला पाला, कुजका बुंधा. हे साठत गेलं तशा या वाढत गेल्या. कोरड्या जमिनीवर यांची पिल्लं जगत नाहीत. ज्या फुलात ही गेली नाही ते उद्या गळून पडतं."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? मी इथे झोपतो ना. उताणा पडलेल्याला दिसतं, वाकून झाडणाऱ्याला कसं दिसणार? दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, कामाची टाळाटाळ करायला आता माशीही पुरते तुला."

"आणि बाकीचे सगळे झाडतात?"

"रोज. वहिनी तर पहाटे पाचला उठते. झाडते आणि जाळते. सहा वर्षं झाली."

"सहाच वर्षं? त्याआधी?"

निवांतराव पहिल्यांदाच अवघडला. "त्याआधी कुणी झाडत नव्हतं, बाई. तुम्ही पहिल्यांदा आलात आणि लिहून गेलात. संघाने पाटीच रंगवली त्याची. बाग लख्ख हवी."

बाई उठून बसल्या. नियमाच्या पुस्तकात एवढंच होतं की रोगट फळं बागेत ठेवू नयेत. पानांबद्दल अवाक्षर नव्हतं. शेऱ्याची जागा रिकामी राहिली म्हणून, जाता जाता, वळणदार अक्षरात त्यांनीच ते तीन शब्द लिहिले होते. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्द त्यांचा होता आणि मार बावीस बागांना बसला होता. भाऊ भावाला चोर म्हणायला लागला तोही त्याच शब्दापायी.

एक गोष्ट अगदी सोपी होती. 'फळं मोजली, माल खरा' एवढं लिहून निघून जाता आलं असतं. निवांतराव सुटला असता, संघ वाचला असता, आणि चाळणीला कोण गाळणार? बाई पाटापर्यंत चालत गेल्या तेवढा वेळ हा विचार त्यांच्यासोबत चालला. मग त्यांना पलीकडचा धूर दिसला.

दादांची बाग आरशासारखी होती. वहिनी ढीग पेटवत होत्या. बाई जवळ जाऊन वाकल्या. ढिगात पानांहून फुलं जास्त होती. पांढरी, बटणाएवढी, रात्रीतून गळलेली. बाईंनी एका खोडापाशी भिंग धरलं आणि अर्धा तास धरून ठेवलं. फुलं उघडी होती, टोप्या भरलेल्या होत्या. कुणीही आलं नाही.

तोवर दादा आले होते. निवांतरावही पाट ओलांडून आला होता, टोपी हातात धरून.

"तुमचा भाऊ चोर नाही," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. पुस्तकात काय होतं, त्यांनी काय लिहिलं, पाल्यात काय पाहिलं. काही वगळलं नाही. "मी हे माझ्या नावानिशी कचेरीला कळवणार आहे. मी तपासलेल्या प्रत्येक बागेला कळवणार आहे. नोकरी राहील की नाही माहीत नाही."

दादांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ते बाईंवर ओरडतील असं वाटत होतं. पण ते भावाकडे वळले. "तू मला सांगितलं होतंस," ते म्हणाले.

वहिनी मात्र एकदम म्हणाल्या, "मला दाखवा."

ऊन चढायच्या आत चौघंही पाट ओलांडून गेली. वहिनी पाल्यात झोपल्या. बाईंनी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खोडावरच्या फुलाशी नेलं.

"इवलंसं तर आहे," त्या म्हणाल्या. "आणि मी रोज सकाळी उठून यांची घरं जाळत होते?"

बाईंना वाटलं, यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"येतील का परत?" वहिनींनी भिंगावरची नजर न काढता विचारलं. "आमच्याकडे?"

"पाटापलीकडे तर यायचंय," निवांतराव म्हणाला. "अंथरूण असलं की येतात."

"मग मी काय करू? सांगा, काय करू मी?"

तो त्यांच्या शेजारी पाल्यात बसला आणि बाईंनी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात बोलला.

"काही नाही, वहिनी. उद्या उठू नका."