आधी सत्कार, मग गोळा

आमच्या घरात शालींचं एक कपाट आहे. कपड्यांचं निराळं. सीमेवर सुरुंगावर पाय पडून आमच्या ह्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला, तेव्हापासून नायगावात शाळेचं गॅदरिंग असो की मेडिकलचं उद्घाटन, स्टेजवर हे हवेतच. शाल, नारळ, फेटा, टाळ्या. लोक मनापासून करतात, मी नाही म्हणत नाही. पण मार्चच्या उन्हात कुणी ह्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली की घाम मला सुटतो. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीय.

ह्यांना हवं होतं ते वेगळंच. फौजेत हे पलटणीकडून गोळाफेक खेळायचे. पाय गेल्यावर कळलं की दिव्यांगांसाठी बसून फेकायचीही स्पर्धा असते. जमिनीला आवळून बांधलेली लोखंडी खुर्ची, मांड्यांवर पट्टे, आणि मुख्य नियम असा की गोळा हातातून सुटेपर्यंत बूड खुर्चीवरून उचलायचं नाही. झालं! घरामागच्या पडीक जागेत खुर्ची रोवली गेली. रोज सकाळी हे बसून फेकणार आणि मी तो लोखंडाचा गोळा उचलून आणणार. खेळाडू हे, कंबर माझी मोडली.

एकदा वैतागून म्हटलं, "पेन्शन हाय, मान हाय. आजून काय पायजे तुमाला?"

"कुणीतरी माझ्यासंगं खेळावं, पंचशीला," हे म्हणाले. "सगळे नुसते हात जोडून राहिलेत."

मग लातूरला विभागीय स्पर्धा लागली. पहिला येईल त्यालाच पुढे राज्याला जायला मिळणार होतं. आम्ही आदल्या दिवशीच एसटीने लातूर गाठलं. रात्रभर ह्यांना झोप नव्हती, आणि ह्यांच्या कूस बदलण्याने मलाही नव्हती.

सकाळी मैदानावर गेलो तर पाहुण्यांचा पत्ता नाही. उद्घाटन लांबलं आणि तिकडे कोपऱ्यात गोळाफेक सुरूही झाली. हे खुर्चीजवळ जाऊन बसतात न बसतात तोच पाहुणे उगवले आणि स्टेजवरून माईक गरजला, "आपल्यामध्ये उपस्थित आहेत वीर जवान प्रीतम सोनकांबळे!" दोन कार्यकर्ते धावत आले आणि ह्यांना बगलेला धरून घेऊनच गेले.

"आवो, माजं नाव पुकारतील आता," हे सांगत होते.

"दोनच मिनिटं, फौजीसाहेब!"

आपल्याकडची दोन मिनिटं सगळ्यांना ठाऊक आहेत. पाहुण्यांनी ह्यांना फेटा बांधला आणि ह्यांच्या पायावर भाषण सुरू केलं. इकडे पंच तोंडाने ह्यांचं नाव पुकारत होते, पण माईकपुढे त्यांचा आवाज कुठे पोचणार? मी पदर खोचून स्टेजकडे पळाले. ह्यांना घेऊन परत येईपर्यंत सगळ्यांच्या फेका संपल्या होत्या. वरातीमागून घोडं ते हे.

"वेळ गेली तुमची," पंच म्हणाले. मग फेट्याकडे बघून विरघळले. "जवान हायत म्हणून एक फेक देतो."

पहिल्या नंबरावर उदगीरचा चंद्रप्पा होता. लहानपणी पोलिओ झालेला, किराणा दुकान चालवणारा, कपाळावर विभूतीचे पट्टे. घाम पुसत बसला होता.

ह्यांनी फेटा काढून माझ्याकडे दिला. पट्टे आवळायलाही धड वेळ नव्हता. हे ओरडले आणि गोळा सुटला, तो चंद्रप्पाच्या खुणेच्या पार पुढे जाऊन पडला. पंचांनी पांढरा झेंडा वर केला. मी आनंदाने किंचाळलेच.

"न्हाई, न्हाई," चंद्रप्पा म्हणाला. "उठलेत त्ये. फाऊल हाय."

लोक भडकले. "जवानाला फाऊल म्हंतो का रे!" मीही सोडलं नाही. म्हटलं, "लाज वाटत न्हाई का भाऊ तुमाला?"

"जाऊ द्या, चंद्रप्पा," पंच समजुतीने म्हणाले. "देशासाठी पाय दिलाय त्येंनी."

"त्येच्यासाठी हात जोडतो की. पण फाऊल त्ये फाऊल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. मनात म्हटलं, गप बसा, देवा शपथ गप बसा. हे पट्टा सोडत होते.

"लाल दाखवा, साहेब," हे म्हणाले. "उठलो मी."

पंच घुटमळले. हे पुन्हा म्हणाले, जरा जोरात. लाल झेंडा वर गेला आणि माझ्या सगळ्या सकाळी मातीत गेल्या. मी तिथेच फेट्यात तोंड घालून रडले. ह्यांचा राग आला होता, चंद्रप्पाचा आला होता आणि त्या पाहुण्याचा तर विचारूच नका.

चंद्रप्पा कुबडी टेकत आला. त्याने ह्यांचे पाय धरले नाहीत की जयहिंद म्हटलं नाही.

"पट्टा ढिला होता तुमचा, फौजी. पुढच्या साली घट्ट बांधून या. मग बघतो तुमाला."

"बघच," हे म्हणाले आणि हसले. दवाखान्यातून आल्यापासून ह्यांचं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. मला मात्र हसू येईना. एवढं थकायचं ते कशासाठी, हेच कळेना.

परतीच्या एसटीत नायगावच्या शाळेतल्या सरांचा फोन आला. गर्दी होती म्हणून ह्यांनी स्पीकर लावला.

"हरलो, सर," हे म्हणाले. "फेकच धरली न्हाई."

"आसू द्या हो! आमच्यासाठी तुमी जिंकलेलेच. उद्या सकाळी शाळेत सत्कार ठिवलाय, यावंच लागतंय."

ह्यांनी डोळे मिटले. फोन मांडीवर तसाच चालू. नाही म्हणायचंही त्राण राहिलं नव्हतं ह्यांच्यात. तिकडून सर "हॅलो, हॅलो" करत होते.

मी फोन उचलला.

"उद्या जमणार न्हाई, सर," मी म्हटलं. "सकाळी सराव हाय त्येंचा."