इनामगावचा कातळ हलला नव्हता

त्या मंगळवारी ललिताबाई दारात बाजरी निवडत बसल्या होत्या. उपग्रहाच्या नोंदी ठेवणाऱ्या पुण्याच्या कार्यालयातून महेंद्रचा फोन आला. त्यांना स्पीकर लावून बोलायची सवय, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मावशी, सहा महिन्यांच्या नोंदी आज तपासल्या. फेब्रुवारीत तुमची जमीन एकदम पंधरा मिलिमीटर वर आलीय."

मी त्यांच्याच दारापुढच्या शेतात उभा असतो. मी रडारचा परावर्तक, अॅल्युमिनियमचे काटकोनात जोडलेले तीन त्रिकोणी पत्रे. उपग्रहाकडून आलेली लहर मी आल्या वाटेनं परत धाडतो. माझ्याखालची जमीन जराशी हलली, तरी पुण्याच्या कार्यालयात कळतं.

दौंडच्या आतिफ मिस्त्रींनी आम्हा पाच जणांना घडवलं. चौघं दूरच्या बेटावर, ज्वालामुखीच्या उतारावर गेले. उद्रेकाआधी डोंगर फुगतो, आणि पायथ्याच्या वस्तीला ते वेळेत कळायला हवं. मला मात्र घोड नदीकाठच्या या न हलणाऱ्या कातळावर ठेवलं. दोन्हीकडे मोजणारा उपग्रह एकच, म्हणून इथला आकडा स्थिर राहिला, तरच तिथल्या आकड्यांवर भरवसा.

गावानं पहिल्या दिवसापासून माझा संशय घेतला. शेजारचे सोपानराव म्हणाले, "कॅमेरा हाय त्यो. आपण काय जेवतो ते दिल्लीत दिसतं."

"मग कालवण जरा बरं करत जा, आप्पा," ललिताबाईंचे यजमान बन्सी म्हणाले.

बन्सी हाडाचे गवंडी. फेब्रुवारीत पाटाचं पाणी माझ्या पायांशी साचताना त्यांनी पाहिलं. "बोल्ट गंजत्याल," म्हणत त्यांनी मला उचललं आणि खाली फरशीचे तुकडे सारले. लेव्हलची नळी ललिताबाईंनी धरली. माझा कोन रतीभरही बदलला नाही. वरून गिलावा असा ओढला, की सांधा शोधून सापडू नये. एप्रिलमध्ये छातीत कळ येऊन ते गेले.

बुधवारी महेंद्र आला. त्यानं कोन मोजला, गिलाव्यावरून बोट फिरवलं.

"मावशी, याला कुणी उचललं होतं का?"

"कोण उचलणार? हात लावू नका म्हणून तुम्हीच सांगितलं व्हतं."

"काकांनी कधी...?"

"गेलेल्या माणसावर आळ घालताय व्हय?"

तो ओशाळून गावच्या बोलीवर आला. "तसं न्हवं, मावशी. तिकडं डोंगराखाली माणसं राहत्यात, म्हणून इचारलं."

ललिताबाई सुपातले खडे वेचत राहिल्या.

त्याचा संशय मग माझ्यावर आला. जाता जाता तो फोनवर कुणाला तरी म्हणाला, "परावर्तकाचाच भरवसा नाही. बेटावरचे आकडेही तूर्त धरू नका."

तेव्हापासून मी ललिताबाईंवर नजर ठेवून असतो. रोज सकाळी त्या येतात. माझे पत्रे पुसत नाहीत, वाकून गिलाव्यावर तळवा टेकवतात. काल सोपानरावांनी हटकलं, तेव्हा म्हणाल्या, "ह्यांच्या हातचं शेवटचं काम हाय, आप्पा. कुणी छिन्नी लावली तर?"

सांगितलंत तर छिन्नी लागेल, हे खरं आहे. पण बाई, चूक त्यांची नव्हती, त्यांनी मला गंजण्यापासून वाचवलं. एवढं सांगा. मला बोलता आलं असतं, तर मीच सांगितलं असतं.

बेटावरचा डोंगर फुगतोय की नाही, हे आज कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. ललिताबाईंनी महेंद्रला अजून काहीही सांगितलेलं नाही.